मानसिंगच्या लग्नातली रिकामी तात

सिकंदर पिंजाऱ्याचं गाणं ऐकायला पहिल्यांदाच निघालेल्या माणसाला इंदापुरातले लोक वाटेत गाठून शहाणपण शिकवीत. अगदी पुढं बसू नकोस, म्हणत. तात तुटली तर डोळा घेऊन जाईल. पान लावायचं ते आधीच लावून घे, मध्ये चुना मागू नकोस. हसायचं गाणं तर मुळीच मागू नकोस. बारामतीच्या एका कापडवाल्यानं ते मागितलं होतं, तर त्याला पारावरून खाली उतरायला पायऱ्या लागल्या नव्हत्या. आणि तिसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द सगळ्यांनी मिळून उचलायचा असतो, तो विसरू नकोस. शब्द न उचलणारा माणूस एक तर मुका असतो नाहीतर चोर असतो, असं सिकंदरचं मत होतं, आणि सिकंदर आपली मतं हातातल्या गोट्यानं पटवून देई.

हा गोटा म्हणजे कापूस पिंजायचा लाकडी ठोकळा, मध्ये मुठीत धरायला बारीक आणि दोन्ही टोकांना जाड. त्याची धनुकली पुरुषभर लांबीची होती. ती लिंबाच्या फांदीला टांगायची, तिला बकऱ्याच्या आतड्याची पिळलेली तात ताणून बांधायची, ती तात कापसात बुडवायची आणि गोट्यानं ठोकायची. कापूस फुलून वर उडतो आणि तात घुमते. सगळेच पिंजारी असं करतात. सिकंदर त्या घुमण्यावर गायचा, एवढाच फरक.

गाणं त्याला कुणी शिकवलं नाही. शिकवला तो मार. त्याचा बाप फकीर पिंजारी एका डोळ्यानं आंधळा होता; तरुणपणी ताणलेली तात कुणीतरी गंमत म्हणून सुरीनं छेडली होती, ती तुटून त्याच्या डोळ्यात गेली. त्या डोळ्याचा सूड तो उरलेल्या जगावर घेई, आणि जगापैकी हाताशी असे तो सिकंदर. गुठळी राहिली की फटका, झोप लागली की फटका. रडण्याचा आवाज आला की बाप आणखी मारी, म्हणून पोरगं तातेच्या सुरात सूर मिसळून रडायला शिकलं. त्यालाच पुढं लोक गाणं म्हणू लागले.

त्याची रीतही अशी की एकच ओळ तो दोनदा म्हणायचा. पहिल्यांदा सांगायचा, दुसऱ्यांदा तीच ओळ जवळ येऊन सांगितल्यासारखी म्हणायचा, आणि माणूस जरा सैलावला की तिसऱ्या ओळीत वार करायचा. बाजार उठला की लिंबाखाली पन्नास-साठ माणसं जमत. धट्टीकट्टी गडीमाणसं पागोट्याच्या टोकानं नाक पुसत. एकदा काटेवाडीच्या एका पैलवानानं रडणाऱ्यांची टिंगल केली. सिकंदरनं ओळ पुरी केली, गोटा खाली ठेवला, उठला, पैलवानाचे पुढचे दात पाडले आणि परत येऊन पुढची ओळ धरली. चौकीत रात्र काढली ती वेगळी.

घरी मात्र त्याची ही मिजास चालत नव्हती. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं चाँदबीवर हात टाकला होता. चाँदबीनं तोच गोटा उचलून त्याच्या गुडघ्यावर घातला आणि मग तिनंच पंधरा दिवस हळद बांधली. त्यानंतर त्या घरात मार फक्त कापसाला बसला. ती शिवणारी होती. तो पिंजायचा, ती गादी भरून दाभणानं टाके घालायची. इतके बारीक आणि सरळ, की इंदापुरापासून बावड्यापर्यंत बायका टाका बघून सांगत, ही चाँदबीची गादी.

सिकंदरच्या गाण्याचा एक नेम होता. बायका कापूस घेऊन येत, समोर बसत, आणि तात घुमत असली की बाजूच्याला काही ऐकू जात नाही म्हणून मनातलं बोलून टाकत. सिकंदर ते ऐकायचा आणि पुढं कधीतरी गायचा. पण नाव कधी घ्यायचा नाही. गाव नाही, घर नाही, नाव नाही. त्यामुळं जिचं दुःख ती समोर बसून रडे आणि शेजारणीला वाटे, गाण्याला रडते आहे.

आणखी एक रीत त्या भागात होती. लग्नाची गादी पिंजून झाली की पिंजाऱ्यानं कापूस बाजूला सारून नुसती तात वाजवायची आणि गायचं. तिला रिकामी तात म्हणत. लग्नाआधी सगळ्यांनी एकदा रडून घेतलं की नवरीच्या वाट्याचं रडणं कमी होतं, असा समज होता. पिंजाऱ्याला मध्ये थांबवणं अपशकुनाचं मानत. बावड्याच्या शिवारात मानसिंगच्या मळ्यावर सिकंदरनं अशीच रिकामी तात वाजवली होती, मानसिंगच्या पहिल्या लग्नात. नवरी होती कुशाबाई.

तिच्या वाट्याचं रडणं काही कमी झालं नाही. मानसिंगचा उसाचा फड, कालव्याचं पाणी, दोन गुऱ्हाळं. पण हात असा की बैल त्याला बघून दावं तोडत. लग्नानंतर पाचव्या वर्षी कुशाबाई उशीचा कापूस घेऊन लिंबाखाली आली. कानाखाली जुना हिरवा वळ होता, त्याच्यावर नवा निळा.

"सिकंदरभाई, माझं गानं बांधा की एक," ती हसून म्हणाली. "मालक मारत्यात. मंग भाईरनं कडी लावत्यात. वरडलं तरी सासूला कमी ऐकू येतंय."

सिकंदरनं गाणं बांधलं.

*दार लावलं भाईरनं, कडी वाजली गं वाजली,*
*दार लावलं भाईरनं, कडी वाजली गं वाजली,*
*आतल्या लेकीची हाक भिंतीनंच ऐकली.*

"ऐकली" हा शब्द साठ माणसांनी उचलला. कुशाबाईही त्यांत होती. ती खूश होऊन घरी गेली. सगळ्यांनी ऐकलं आणि कुणीच काही केलं नाही, सिकंदरनंही नाही. गाणं ऐकून डोळे पुसले की माणसाला वाटतं आपलं काम झालं. मला तर कधी कधी त्या लिंबाचाच राग येतो.

पुढच्या उन्हाळ्यात बातमी आली की कुशाबाई पाणी शेंदताना विहिरीत पडली. माहेरचे यायच्या आत तिला जाळलंसुद्धा होतं.

वर्ष सरायच्या आत, सन छत्तीसच्या वैशाखात, मानसिंगचं दुसरं लग्न ठरलं. मुलगी पळसदेवची सिंधू, भीमेकाठच्या द्वारकाबाईची एकुलती एक. द्वारकाबाई विधवा होती, नदीच्या गाळाच्या मळईत काकडी-वांगी लावून तिनं पोर वाढवली होती. लग्न मानसिंगच्या मळ्यावरच व्हायचं होतं. मानसिंग गुळाच्या गाड्या घेऊन बारामतीला गेला आणि त्याची आई साखरबाई हिनं गाद्या करायला सिकंदर आणि चाँदबीला बोलावून घेतलं.

साखरबाई हाडाची कंजूष. नवा कापूस पुरेना, तेव्हा तिनं माळ्यावरून एक जुनी गादी ओढून काढली.

"ह्यातला घाला. चांगला कापूस हाय."

"कुशाबाईची न्हवं ही?" चाँदबी म्हणाली. "मेलेल्या मानसाची गादी नवरीला, आजी?"

"ती काय गादीवर मेली व्हय? ती हिरीत मेली," साखरबाई म्हणाली. "मेल्याली गादी न्हाय ही. मला कायदा नगं शिकवू."

बोलणं शास्त्राला धरूनच होतं. चाँदबीनं गादी उलटी केली आणि तिचा हात थांबला. कुशाबाईच्या लग्नातली गादी तिनं स्वतः शिवलेली होती. ह्या गादीची खोळ मात्र तिच्या हातची नव्हती. टाके बोटबोट लांब, वाकडेतिकडे, आणि दोऱ्याऐवजी पोत्याची सुतळी.

"खोळ कुनी बदलली, आजी?"

"मानसिंगनं. उंदरानं कुरतडली हुती म्हनं. बायकू गेल्यावर एकलाच खोलीत शिवत बसला हुता बिचारा," असं म्हणून साखरबाई पाणी घालायला जनावरांकडं गेली.

सिकंदरनं सुतळी उसवली. वरचा कापूस बरा होता, मागाहून पसरलेला. मधला निघेना. ढेपेसारखा घट्ट बसलेला, वाळून काळा-तपकिरी झालेला, हाताला टोचणारा. त्यानं ती गुठळी दोन्ही हातांनी फोडली. आत हिरव्या बांगडीचा तुकडा होता आणि त्याला चिकटलेले लांब केस. चाँदबीनं तोंडात पदर कोंबला. सिकंदरनं ती गुठळी फडक्यात बांधून धनुकलीच्या पिशवीत टाकली.  त्या क्षणी मानसिंग समोर असता तर त्यानं त्याचं डोकं गोट्यानं फोडलं असतं.

"फौजदाराला सांगू," तो म्हणाला.

"फौजदार हितंच जेवतुया, लग्नाचं आवतान हाय त्येला," चाँदबी म्हणाली. "आन सांगनार काय? पिंजाऱ्याला गादीत रगात घावलं? कोंबडं कापलं म्हनतील. द्वारकाबाईला सांगूया."

सांगून पाहिलं. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी पळसदेवच्या गाड्या आल्या. चाँदबीनं द्वारकाबाईला गाठलं, पण मानसिंगच्या भावकीतल्या बायका तिला क्षणभर एकटं सोडीनात. पिंजारीण नवरीच्या आईच्या कानाला लागते म्हटल्यावर त्यांनी चाँदबीला दंड धरून बाहेर काढलं. आत सिंधूला हळद लागत होती. दुपारी रिकामी तात होती. दुसऱ्या दिवशी लग्न. सिंधूला त्या घरातून बाहेर काढायची असेल तर एवढीच एक दुपार हातात होती.

"गान्यात घालतो," सिकंदर म्हणाला.

"नाव घिऊन?"

"नाव घिऊन."

 नेम मोडणार हे चाँदबीला कळलं, आणि मानसिंगच्या हातात कोयता असतो हेही तिला ठाऊक होतं. तिनं पिशवीतून नवी कोरी तात काढली आणि त्याच्यापुढं टाकली.

"मंग ही लाव," ती म्हणाली. "आन रोजच्यापरीस आवळ."

दुपारी अंगणात सगळा गाव लोटला. पुरुष मांडवात, बायका ओसरीवर, नवरी आतल्या दाराशी पाटावर. मानसिंग नुकताच बारामतीहून आला होता, नवा फेटा, मिशीला तेल. गाद्या झाल्या का, एवढंच त्यानं विचारलं होतं आणि झाल्या एवढंच त्याला कुणीतरी सांगितलं होतं. फौजदार खुर्चीवर होता. चाँदबी धनुकलीशेजारी बसली. सिकंदरनं तातेखाली पांढरं फडकं अंथरलं, त्यावर एक पुडकं ठेवलं, आणि गोटा उचलला.

नवी तात इतकी ताणलेली होती की पहिल्या ठोक्याला तिनं किंकाळी मारली. पुढच्या रांगेतली जाणती माणसं जरा मागं सरकली. सुरुवातीला त्यानं नेहमीची गाणी म्हटली. माहेर, पूर, वाट. लोक रडू लागले, शब्द उचलू लागले. मानसिंगनंही दोनदा शब्द उचलला. मग सिकंदरनं तात तळहातानं थांबवली, पुडकं उघडलं आणि पुन्हा ठोका टाकला.

*हिरीचं पानी निवळ, तळ दिसतुया गं तळ,*
*हिरीचं पानी निवळ, तळ दिसतुया गं तळ,*
*मंग रगात कशानं गादीत आलं, कुशाबाय?*

शब्द उचलायचा होता. कुणी उचलला नाही. शंभरावर माणसं, आणि तात एकटीच घुमत होती. पांढऱ्या फडक्यावर काळी गुठळी आणि तिच्यावर हिरवी काच, सगळ्यांना दिसत होती. मानसिंगचा हात मिशीवरच राहिला.

*गादी शिवली चाँदबीनं, टाका बारीक गं बारीक,*
*गादी शिवली चाँदबीनं, टाका बारीक गं बारीक,*
*ही सुतळी घातली कुनी, सांग की कुशाबाय?*

"बंद कर!" मानसिंग ओरडला. कुणीतरी म्हणालं, रिकामी तात मध्ये थांबवू नये, अपशकुन होतो. मानसिंगनं त्या माणसाच्या पेकाटात लाथ घातली. मांडवाच्या खांबाला उसाचा कोयता खोचलेला होता तो त्यानं उपसला आणि गर्दी तुडवीत आला. एक म्हातारा पायाखाली आला, त्याच्यावरून आला. फौजदार खुर्चीतून उठला आणि उभाच राहिला.

सिकंदर हलला नाही. धनुकली त्यानं जरा तिरपी केली, तात मानसिंगच्या तोंडासमोर येईल अशी, आणि डाव्या हातानं धरून ठेवली.

"काप," तो म्हणाला. "काप की. बाईमानसावर चालतुया न्हवं हात? हितं चालव."

मानसिंगनं कोयता दोन्ही हातांनी घातला. तात तुटली तो आवाज बंदुकीसारखा झाला. कोयता पुढं गेला आणि सिकंदरच्या डाव्या हाताची दोन बोटं घेऊन जमिनीत रुतला. तात उलटी फिरली आणि मानसिंगच्या तोंडावर बसली, कपाळापासून हनुवटीपर्यंत. तो डोळा धरून गुरासारखा ओरडत लोळू लागला. बोटांतून काय गळत होतं ते बघवत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला त्याची दया येत नाही.

चाँदबीनं पदर फाडून नवऱ्याचा हात आवळला. भावकीतले चौघे सिकंदरवर तुटून पडले, लाथा, काठ्या, जोडे. तो उताणा पडला होता, तोंडातून रक्त येत होतं, आणि त्याच तोंडानं तो पुन्हा तीच ओळ म्हणू लागला. तात नाही, ताल नाही, नुसता घोगरा आवाज. "रगात कशानं गादीत आलं, कुशाबाय?" एकानं त्याच्या तोंडावर जोडा ठेवला.

तेव्हा आतल्या दारातून शब्द आला.

"कुशाबाय."

सिंधू उभी होती. हळदीनं पिवळे हात, कपाळावर अर्ध्या बांधलेल्या मुंडावळ्या, सतरा-अठरा वर्षांची पोर. तिनं रीतीप्रमाणं शेवटचा शब्द उचलला होता, पण सुरात नाही, हाक मारावी तसा. मग द्वारकाबाईनं उचलला. मग ओसरीवरच्या एकीनं, मग दुसरीनं. बघता बघता सगळी ओसरी ते नाव घेऊ लागली. वर्षभर त्या अंगणात ते नाव कुणी घेतलं नव्हतं. मारणाऱ्यांचे हात ढिले पडले. द्वारकाबाईनं लेकीच्या मुंडावळ्या ओढून काढल्या, तिच्या मनगटाला धरलं आणि भर मांडवातून, लोळणाऱ्या नवऱ्या मुलाला ओलांडून, तिला गाडीत नेऊन बसवलं. कुणाची आडवं यायची छाती झाली नाही.

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. ती गादी आणि ती गुठळी भावकीनं संध्याकाळच्या आत उकिरड्यावर जाळली. फौजदारानं गुन्हा लिहिला तो डोळ्याचा. सिकंदरनं जाणूनबुजून तात तोंडावर मारली, असं चौघांनी शपथेवर सांगितलं आणि सिकंदरला दोन वर्षांची सजा झाली. "जानूनबुजूनच मारली, सायेब," त्यानंही कोर्टात सांगून टाकलं. कुशाबाईबद्दल कुणी त्याला विचारलं नाही. सरकारदरबारी ती आजही विहिरीतच मेली आहे. साखरबाई तेवढी त्या दिवसापासून लेकाच्या हातचं पाणी प्याली नाही, आणि मानसिंगला पळसदेवपासून बारामतीपर्यंत पुन्हा कुणी मुलगी दिली नाही.

सिकंदर सुटून आला तो अंगानं निम्मा झालेला. डाव्या हाताला तीन बोटं; धनुकली पेलेना. चाँदबी म्हणाली, "मी ठोकते, तू गा." बाईमाणसानं तात ठोकलेली कुणी पाहिली नव्हती. लोक पाहायला म्हणून आले आणि ऐकायला म्हणून बसले.

त्या पहिल्या दिवशी काटेवाडीहून एक बैलगाडी आली. सिंधू उतरली. तिला तिकडं दिली होती, दूधदुभत्याच्या घरी, नवरा साधा, तोतरा आणि गरीब स्वभावाचा. तोही मागनं कापसाचं गाठोडं घेऊन उतरला. सिंधूच्या कडेवर तान्ही मुलगी होती. नव्या माणसाला पुढं बसू नये म्हणून सांगतात, तर ती नेमकी पुढं जाऊन बसली.

"काय गाऊ, लेकी?" सिकंदरनं विचारलं.

"त्येच," सिंधू म्हणाली. "नाव घिऊन."

चाँदबीनं ठोका टाकला. सिकंदरनं ओळ म्हटली, पुन्हा तीच म्हटली, आणि तिसरीच्या शेवटाला येऊन थांबला. सिंधूनं मान वळवून मागं बसलेल्या सगळ्या गड्यांकडं एकवार नजर फिरवली. मग मुलीला उराशी धरून तिनं सगळ्यांच्या आधी नाव उचललं, आणि पाठोपाठ तिच्या तोतऱ्या नवऱ्यानं, अडखळत, पण पुरतं.